ओढ्याशी घाई नको

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पन्हाळ्याहून पावनखिंडीला निघते आहेस, आणि तेही चार दिवसांच्या मुसळधार पावसापाठोपाठ. खुशाल जा. १६६० च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटले ते अशाच पावसात. ही वाट याच दिवसांत चालावी. फक्त दिवसाचं गणित पायांवर मांडू नकोस, पाण्यावर मांड.

एरवी तासाला चार किलोमीटर होत असतील, तर आता अडीच धर. पहाटे सहाला गड सोडा, म्हणजे ओढ्याकाठी तासभर थांबावं लागलं तरी उजेडात करपेवाडीच्या बाजूला पोचाल.

म्हाळुंग्यावरून चढून मसाई पठारावर आलात की वारं झोंबतं आणि धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. एकमेकांना नजरेआड होऊ देऊ नका. जांभ्यावर काळपट, तुळतुळीत दिसेल तिथे शेवाळ आहे. पाय खडबडीत दगडावर किंवा गवताच्या मुळाशी टाक. कुंभारवाडीकडे उतरताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकवलेले, तळवा पूर्ण टेकलेला. पुढे खाचरांत रोपलागण चालू असेल. ताज्या बांधावरून चालू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि शेतकऱ्याची मेहनत वाया.

आता ओढे. पाणी गढूळ आहे, फांद्या वाहून येताहेत, तळातून दगड घरंगळल्याचा गडगड आवाज येतोय, असं असेल तर पाय घालायचाच नाही. काठावर पाण्याच्या रेषेत एक काटकी रोव आणि पंधरा मिनिटं बघ. काटकी बुडाली तर पाणी चढतंय, मागे व्हा. उघडी पडली तर थांबण्यात अर्थ आहे. डोंगरातले लहान ओढे पाऊस थांबला की तास-दोन तासांत बरेच उतरतात. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ते आपलं नव्हे. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोराचं असतं. रुंद, उथळ जागा शोध. खाली धबधबा असेल तिथे तर मुळीच नको.

उतरण्याआधी बॅगेचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोड, म्हणजे पडलीस तर बॅग टाकता येईल. बूट पायातच राहू देत. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि बाजूबाजूने सरक. एक पाऊल पक्कं बसल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. दोर कमरेला कुणीही बांधू नये. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. वाहून गेलीस तर पाठीवर हो, पाय पुढे ठेव, उभं राहायची धडपड खोल पाण्यात करू नकोस.

जंगलात जळवा असणारच. जाड मीठ फडक्यात बांधून ओलं कर आणि बुटांवर चोळ. चिकटलेली जळू नखाने बारीक टोकाकडून सरकवून काढ, जाळू नकोस. रक्त बराच वेळ येतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही; दाबून धरलं की थांबतं.

जेवायला थांबाल तेव्हा मोजे काढून पाय वीस मिनिटं कोरडे होऊ देत, मग व्हॅसलीन. दिवसभर भिजून कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली की फोड हमखास. एक मोज्यांची जोडी आणि एक कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव, फक्त रात्रीसाठी. रेनकव्हरवर विसंबू नकोस, पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतं. पावसात तहान लागत नाही, तरी दर तासाला पाणी पी. ओढ्याचं गढूळ पाणी नको. गाळामुळे क्लोरीनची गोळीही नीट काम करत नाही. वाडीत मागून घे.

कुणी थरथरायला लागलं, बोलताना अडखळायला लागलं, तर चालणं थांबवा, ओले कपडे बदला, गोड चहा द्या. डोंगरकडेला ताजी भेग किंवा नुकती कललेली झाडं दिसली तर तिथे विसाव्याला बसू नका.

आतल्या वाड्यांत रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे रात्री फोन आला नाही तरी मी काळजी करणार नाही. पांढरपाण्याला डांबरी रस्ता लागतो, तिथून मात्र कर. आणि ओढा उतरला नाही म्हणून मागे फिरलात, तर तेही सांग. पन्हाळ्याला न्यायला मीच येईन.

तुझी,
आई