विलीनीकरणाची वकिली आणि सातबारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या किंवा पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची चौकशी करणारे विद्यार्थी हल्ली कंपन्यांच्या विलीनीकरण-अधिग्रहणाच्या वकिलीबद्दल आवर्जून विचारतात. मात्र त्यांना मिळणारी माहिती बहुधा बड्या फर्मच्या पगारापाशीच थांबते. मुंबईत हेच काम करत असल्याने त्याचे खरे स्वरूप, विशेषतः मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींसाठी, मांडावेसे वाटते.

या वकिलावर न्यायालयात युक्तिवाद करण्याची वेळ क्वचितच येते. त्याची सुरुवातीची वर्षे ‘ड्यू डिलिजन्स’मध्ये, म्हणजे विकत घ्यायच्या कंपनीचे कर्जकरार, परवाने, प्रलंबित दावे आणि कामगारांची देणी तपासण्यात जातात. कारखाना महाराष्ट्रात असेल तर सातबारा आणि फेरफार मराठीत असतात. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो, एमआयडीसीचा भूखंड असेल तर हस्तांतरणाला महामंडळाची संमती लागते, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यातील एखादा बोजा नजरेतून सुटला तर खरेदीदाराने मोजलेली किंमतच चुकीची ठरते. त्यामुळे हे कागद अर्थासकट वाचू शकणारा नवखा वकील पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. इंग्रजी मसुदालेखन त्याला शिकावेच लागते, पण ते सरावाने येते.

या कामाची व्याप्ती टाटा ऑइल मिल्स (टॉम्को) आणि हिंदुस्थान लिव्हर यांच्या विलीनीकरणातून उत्तम समजते. कर्मचारी संघटनेने त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये फेटाळले. टॉम्कोच्या कर्मचाऱ्यांची सेवा अखंड राहील आणि त्यांच्या सेवाशर्ती कमी लाभदायक होणार नाहीत, अशी तरतूद विलीनीकरणाच्या योजनेतच होती. ते कलम कोणा वकिलाने लिहिले होते, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे, कारण हजारो घरांची निश्चिंती अशा एका वाक्यावर अवलंबून असते. पुढे याच विलीनीकरणावरील मुद्रांक शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2003 मध्ये शुल्क आकारण्याचा राज्याचा अधिकार मान्य झाला.

तेव्हा अशा योजनांना उच्च न्यायालय मंजुरी देत असे. डिसेंबर 2016 पासून कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 ते 232 नुसार हे काम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे आले. शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनीत 25 टक्के किंवा अधिक मतदान हक्क मिळवणाऱ्याला, काही अपवाद वगळता, बाजार नियामक सेबीच्या 2011 च्या नियमांनुसार आणखी किमान 26 टक्क्यांसाठी खुली ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याची जाहीर तयारी, द्यावी लागते. सप्टेंबर 2024 पासून 2000 कोटी रुपयांहून मोठा सौदा, संबंधित कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असल्यास, स्पर्धा आयोगापुढे मंजुरीसाठी न्यावा लागतो. नियम असे बदलत असल्याने पदवीनंतरही अभ्यास सुटत नाही. सौद्याच्या शेवटच्या आठवड्यांत रात्री जागाव्या लागतात, हेही मुलांना आधीच सांगायला हवे.

विधी महाविद्यालयांत कंपनी कायद्याची कलमे शिकवली जातात, पण प्रत्यक्ष शेअर खरेदी करार विद्यार्थ्याच्या हाती क्वचितच पडतो. विद्यापीठांनी अखेरच्या वर्षी नावे वगळलेला एक करार आणि त्यासोबत एका कारखान्याच्या जमिनीचे फेरफार वाचण्याचा सराव सक्तीचा करावा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांनाही हे जमण्यासारखे आहे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आपली,
एक वकील, मुंबई