छकुली, थंडीवर विसंबू नकोस

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

आईने तुझ्या बॅगेत दोन स्वेटर कोंबले. बरोबरच आहे, इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा २,३०० मीटरच्या वर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा जवळपास हजार मीटर उंच. मला मात्र काळजी आहे ती स्वेटर काढून ठेवशील त्या संध्याकाळची.

आदिस आणि बालेचे डोंगर झाले की तू खाली उतरणार. हवासा साधारण १,७०० मीटर, अर्बा मिंच १,३०० च्या आसपास. इथिओपियात २,००० मीटरच्या खाली मलेरिया आहे असंच धरून चाल. उंचावर डास नसतात असं नाही. मलेरियाच्या फाल्सिपेरम या जंतूला डासाच्या पोटात वाढायला ऊब लागते, ती तिथे मिळत नाही. २५ अंशांना बारा-तेरा दिवसांत तो तयार होतो, २० अंशांना जवळजवळ महिना लागतो, आणि तोवर बहुतेक डास मरून गेलेले असतात. १६ च्या खाली त्याची वाढच थांबते. एखाद्या वर्षी पाऊस नि ऊब नेहमीपेक्षा जास्त झाली की मात्र हे गणित कोलमडतं. १९५८ साली तिथे १,६०० ते २,१५० मीटरवरच्या गावांत साथ पसरली. सुमारे ३० लाख लोक आजारी पडले, दीड लाख गेले असा अंदाज आहे.

तू जातेस ऑक्टोबरात. तिथला मोठा पाऊस, किरेम्त म्हणतात त्याला, जून ते सप्टेंबर. पाऊस थांबतो, ऊन पडतं, डबकी मात्र राहतात. तू फोटोत दाखवलेली ती पिवळी फुलं फुलतात तोच मलेरियाचा मुख्य हंगाम, सप्टेंबर ते डिसेंबर.

तुला आठवतं का, लहानपणी तू माझ्यामागे गच्चीवर यायचीस? टाकीचं झाकण उघडून मी टॉर्च मारायचो, डिपरमध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या पळीत, पाणी घ्यायचो. अळी पाण्याला लागून आडवी तरंगत असली की मी ‘ॲनाफेलिस’, म्हणजे मलेरियाचा डास, म्हणायचो आणि तू टाळ्या वाजवायचीस. डोकं खाली करून लटकणाऱ्या इतर डासांच्या अळ्यांचं तुला काहीच कौतुक नसे. तो आपला टाकीतला ॲनाफेलिस, स्टीफेन्सी डास, आता इथिओपियातही पोचलाय बरं. २०१६ मध्ये तिथे पहिल्यांदा सापडला, आणि २०२२ मध्ये दिरे दावा शहरातल्या मलेरियाच्या उद्रेकात त्याचा हात निघाला. आयुष्यभर ज्याच्यामागे शिड्या चढलो, तो माझ्याआधी आफ्रिका बघून आला! तेव्हा गेस्ट हाउसच्या अंगणात उघडे पिंप, ड्रम दिसले तर खोली बदलून माग.

तिथला नेहमीचा डास अराबिएन्सिस. तो घराबाहेर, संध्याकाळीच चावायला लागतो, त्यामुळे नुसत्या मच्छरदाणीवर भागत नाही. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले संध्याकाळचे सहा वाजले की त्यांचे बारा. त्यांचे बारा वाजायच्या आत फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि मोजे. घोट्यांना डास पळवणारं मलम चोळायला विसरू नकोस, टेबलाखाली डास तिथेच शोधतो. मलमात डीईईटी (डास दूर ठेवणारं रसायन) वीस टक्क्यांच्या वर असलेलं घे. दिवसा सनस्क्रीन लावशील तर ते आधी, मलम नंतर.

मलेरिया टाळायला डॉक्सीसायक्लिनची गोळी डॉक्टरांनी दिली आहे ती रोज, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची आहे. आठवड्यात सोडून देशील, तुला ओळखतो मी. आणि तिथला मलेरियाचा दुसरा जंतू, व्हायवॅक्स, यकृतात लपून महिन्यांनीही उठतो, तेव्हा पुढच्या वर्षभरात कधी ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘इथिओपियाला गेले होते’ सांग आणि रक्त तपासून घे.

पिवळ्या तापाच्या लशीची पुस्तिका पासपोर्टातच ठेव. ती नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकशील, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

मच्छरदाणी मिळाली की आधी दिव्यासमोर धरून बघ. भोकं असतातच. आईला न सांगता मी निळ्या स्वेटरच्या खिशात सुईदोरा ठेवलाय.

तुझा,
बाबा