‘लेटर’ म्हणजे रात्री दोन वाजता

ग्लासगो, २ जून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू तुमच्या शिडाच्या बोटीच्या सफरीसाठी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याच्या नकाशावर बोट फिरवत होतास, ओबान, टोबरमरी, आर्डनामर्कनला वळसा आणि मग थेट कॅना बेट, तेव्हा मी गप्प बसले होते. बाबा शेजारीच होते आणि तुझ्यापेक्षा जास्त खूश होते, त्यांचा रसभंग कशाला करा. शिडांचं तुला मी काही सांगणार नाही, ते तू माझ्याहून चांगलं शिकलायस. मला सांगायचंय ते शिडं उतरवल्यानंतरचं.

तुझ्या यादीत रोज किती मैल, जेवण कुठे, सगळं होतं. रात्री नांगर कुठे टाकायचा तो रकाना मात्र रिकामा, किंवा ‘बघू, सुंदर जागा मिळेल’. आम्हीही हेच करायचो. आता मी उलटीकडून सुरुवात करते. सकाळी आधी पाहायचं, आज रात्री दोन वाजता वारा कुठल्या दिशेचा असेल. त्या दिशेने बंद असलेली खाडी शोधायची, आणि मग दिवसाचा प्रवास ठरवायचा.

हे शहाणपण आम्हाला कॅनातच आलं. तू सहा वर्षांचा होतास, पुढच्या केबिनमध्ये झोपलेला, तुला काही आठवत नसेल. ऑगस्ट महिना. शिपिंग फोरकास्टमध्ये, म्हणजे समुद्रावरच्या हवामानाच्या अंदाजात, हेब्रिडीजच्या सागरी पट्ट्यासाठी सांगितलं होतं की दक्षिणेचा वारा, फोर्स (वाऱ्याच्या जोराचा आकडा) चार, ‘लेटर’ आग्नेयेकडे फिरून पाच ते सहा. बाबांनी त्या ‘लेटर’चा अर्थ घरच्यासारखा लावला, म्हणजे ‘नंतर बघू’. त्या अंदाजात या शब्दांची घड्याळं ठरलेली आहेत. ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा, ‘लेटर’ म्हणजे बारा ते चोवीस. आणि तेही अंदाज जाहीर झाल्यापासून, तुम्ही चहा पिता पिता ऐकल्यापासून नव्हे. पहाटेच्या अंदाजातलं ‘लेटर’ म्हणजे बरोबर आपली झोपेची वेळ.

कॅनाचं बंदर सँडे बेटाच्या आडोशाला आहे, पण पूर्वेला तोंड उघडं. दीडच्या सुमारास लाटा आत यायला लागल्या, दोनला मी वर गेले तर मागची बोट शेजारी आलेली. म्हणजे आम्ही तिच्याकडे गेलो होतो. नांगर ओढून वर घेतला तर गवताच्या भाऱ्याएवढा केल्प, म्हणजे लांब पट्ट्यांचं समुद्री शेवाळ, त्याला गुंडाळलेला. तळाच्या मातीत तो कधी शिरलाच नव्हता, इतका वेळ त्या शेवाळावरच बसून होता. बाबा सुकाणूवर, मी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, पालथी पडून पाव कापायच्या दातेरी सुरीने ते चामड्यासारखे पट्टे कापतेय, आणि हातांना बधिरपणा आलेला. दुसऱ्या खेपेला नांगर धरला. उजाडेपर्यंत आम्ही दोघं बाहेरच बसलो.

तेव्हा कॅनाला जरूर जा, पण पूर्वेचा, आग्नेयेचा वारा येणार असेल तर नको. आणि उजेड असताना पोच. पाणी नितळ असतं, केल्प गडद दिसतो, मधले वाळूचे तुकडे फिकट. तिथे टाक. (बेटावर कंपास हिल नावाची टेकडी आहे, तिच्या खडकांमुळे होकायंत्र फसतं. तेवढं लक्षात असू दे.)

आता साखळी. तू म्हणालास, खोलीच्या चौपट. बरोबर, पण कुठली खोली? समजा ओहोटीला पोचलास, पाणी ३ मीटर. नाळेची पाण्यापासूनची उंची १ मीटर धरून तू १६ मीटर साखळी सोडलीस आणि निवांत झोपलास. उधाणाच्या दिवसांत तिथे पाणी चारेक मीटर चढतं. म्हणजे मध्यरात्री हिशेब झाला ८ मीटरला १६, फक्त दुप्पट. नांगर आडवा ओढला जायच्या ऐवजी वर उचलला जातो. तिथे ३२ मीटर हवेत, फोर्स सहा येणार असेल तर ४० च्या वर, जागा असेल तेवढी. वेंगुर्ल्याला उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचा. तुम्हा मुलांना तो ॲपमध्ये बघावा लागतो. बघा, पण बघा.

साखळी सोडली की इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये वाढव आणि ताणलेल्या साखळीवर उघडा तळवा ठेव. नांगर रुतला असेल तर ती नुसती ताठ लागते. घसरत असेल तर खडबडीत रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी थरथर हाताला कळते. हे कुठलाच फोन सांगत नाही. फोनचा अलार्म लावच, पण किनाऱ्यावरच्या दोन वस्तूही एका रेषेत धरून ठेव, एखाद्या घराचं धुराडं आणि मागचा खांब. रेष मोडली तर समजायचं, आपण सरकलो. बाबांनी एकदा मागची वस्तू म्हणून मेंढी धरली होती. ती चरायला गेली आणि आमची पळापळ.

डोंगर दिसला की आडोसा मिळाला असं समजू नकोस. स्काय बेटावरच्या लॉक स्कॅव्हेग खाडीत कुलिन डोंगरांचे कडे अंगावर आल्यासारखे उभे आहेत, आणि जोरदार वाऱ्यात तिथेच वरून झोत कोसळतात, कधी या बाजूने, कधी त्या. शांत हवेत मात्र जाच, सील बघायला मिळतील. अगदीच वारा नसला तर मिजेस, ते बारीक चावरे किडे, फोडून खातात, हेही आलंच.

सकाळ-संध्याकाळ बॅरोमीटरवरचा हवेचा दाब लिहून ठेव. तीन तासांत साडेतीन हेक्टोपास्कलहून जास्त उतरला तर कुठे जाऊ नकोस. आणि वर बघ. तुझे पणजोबा सूर्याला खळं पडलं की होडी काढायचे नाहीत. इथेही कमी दाब सरकत येतो तेव्हा आधी तेच उंच पातळ ढग येतात, तेच खळं, आणि वारा दक्षिणेकडून आग्नेयेकडे सरकतो. फरक एवढाच की गावी या दिवसांत होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, आणि तुमचा मोसम आता सुरू होतो.

समुद्र जूनमध्येही ११-१२ अंशच. छोट्या डिंगीतून पबला जाताना लाइफ जॅकेट घालायचं. परत येताना तर नक्कीच.

निळ्या पिशवीत बेसनाचे लाडू आहेत, मित्रांनाही दे. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली दातेरी सुरी आहे, तीच ती. नाळेजवळच्या कप्प्यात ठेव, स्वयंपाकघरात नको. पाव कापायला दुसरी घे.

तुझी,
आई