टेबलाचं काय ते एकदाच सविस्तर

आई, बाबा,

आधी महत्त्वाचं. नोकरी शाबूत आहे, तब्येत ठणठणीत आहे, दहाही बोटं जागेवर आहेत. परवा फोनवर मी गॅरेजमध्ये सुतारकामाचं टेबल करतेय म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न काय विचारला तर "ऑफिसमधून काढलं का तुला?" म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. ऑफिस, जेवणखाण, झोप सगळं नेहमीचं, त्यात काही लिहिण्यासारखं नाही.

बाबा, तुमचं म्हणणं की आपले सुतार जमिनीवर बसून, पायात लाकूड धरून अख्ख्या खिडक्या करतात, मग तुला टेबल कशाला? अगदी मान्य, पण त्यांची ती लहानपणापासूनची बैठक आहे आणि माझे गुडघे खुर्चीत वाढलेत. उभं राहून रंधा मारायचा तर लाकूड कुणीतरी धरायला लागतं आणि इथे धरायला कोण आहे? म्हणजे तसं नाही, शेजारी चांगले आहेत, पण दर दहा मिनिटांनी "जरा धरता का" म्हणून कुणाचं दार वाजवणार. तर हे टेबल धरायचं काम करतं. वर पाऊण इंची भोकं आहेत, त्यात एक वाकडा लोखंडी आकडा सोडायचा, डोक्यावर हातोडीचा एक ठोका दिला की तो भोकात तिरका अडकतो आणि खालचं लाकूड गच्च बसतं, मागून टपली मारली की सुटतो. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. असल्या टेबलांची चित्रं रूबो नावाच्या फ्रेंच सुताराने अठराव्या शतकात काढून ठेवलीत, अजून लोक तीच बघून करतात, मीपण.

आता इथली एक गंमत सांगते, बाबांना पटणारच नाही. इथे अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी लाकडाची दांडी म्हणजे टू बाय फोर, दोन इंच बाय चार इंच. टेप लावून बघा, भरते दीड बाय साडेतीन! आणि यात कुणालाच काही वाटत नाही. दुकानदार फसवत नसतो, सरकारी मानकातच तसं लिहिलंय. म्हणे पूर्वी ओलं लाकूड कापायचे तेव्हाचं ते माप, मग वाळून आणि रंधून बारीक व्हायचं, नाव मात्र जुनंच राहिलं. 1924 साली पहिलं मानक ठरलं तेव्हा जाडी एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच होती, पुढे तीही घटवून दीडवर आणली, नाव तेच. बरं सरसकट अर्धा इंच वजा करा म्हणावं तर तसंही नाही. टू बाय सिक्सची रुंदी साडेपाच, पण टू बाय एटची सव्वासात, टेनची सव्वानऊ, ट्वेल्व्हची सव्वाअकरा, म्हणजे आठपासून पुढे पाऊण इंच कापला जातो. आणि लांबी? ती मात्र खरी, आठ फूट म्हणजे आठ फूट. त्यात ओक, मेपलसारखं कठीण लाकूड घ्यायला गेलं की हिशोब पुन्हा वेगळा, जाडी पाव इंचात मोजतात, एक इंचाला फोर क्वार्टर, दोन इंचाला एट क्वार्टर. आपण घनफुटावर सागवान घेणारी माणसं, आपल्याला हे कसं पचणार. मी इथल्या एका सहकाऱ्याला विचारलं की दीडला दोन का म्हणता, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच वेडी.

तर त्या टू बाय फोरच्या चौदा दांड्या अरुंद कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या, झाला साधारण एकवीस इंच रुंद आणि साडेतीन इंचाला जरा कमी जाड पाट, म्हणजे टेबलाचा वरचा भाग. सांगायला सोपं आहे. लाकडावर शिक्का असतो, केडी असेल तर भट्टीत वाळवलेलं, ओलावा 19 टक्के किंवा कमी, आणि एस-ग्रीन असेल तर त्याहून ओलं. पण 19 टक्केसुद्धा घरातल्या हवेला जास्तच, आत आणलं की आणखी वाळतं आणि वाळताना पीळ खातं. म्हणून मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून, काही आठवडे नुसत्या ठेवल्या. दांड्यांच्या कडा गोल असतात त्याही रंधून काढायला लागतात, नाहीतर प्रत्येक जोडावर घळ राहते. ग्लू आपल्या फेव्हिकॉलच्याच जातीचा, फक्त पिवळा. तासाभराने क्लँप काढता येतात, पण जोर द्यायचा नाही, एक दिवस थांबायचं.

मला खरी मजा आली ती पाट सपाट करताना. पूर्ण पाटावर पेन्सिलीने रेघोट्या ओढायच्या आणि रंधा आधी आडवा मारायचा, मग तिरका, शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. उंचवट्यावरच्या रेघा आधी जातात, खड्ड्यातल्या राहतात, त्यावरून कळतं अजून किती. डाव्या कोपऱ्यात एका गाठीशेजारी तळहाताएवढ्या रेघा उरल्यात, तिथे लाकडाच्या रेषा उलट्या फिरतात आणि रंधा मारला की कपच्या उडतात. राहू देत. हे टेबल कामाचं आहे, पाहुण्यांना दाखवायचं नाही.

आईचे मुद्दे ओळीने घेते. बोटं: विजेची करवत घेतलेलीच नाही, सगळं हाताचं. धूळ: मास्क आहे, आणि रंध्याने धूळ होत नाही, साली निघतात. कंबर: उंची बत्तीस इंच ठेवलीय, सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाच्या जरा खाली येते, त्यामुळे वाकायला लागत नाही, उलट ऑफिसच्या खुर्चीनेच जास्त दुखते. आग: वरून जवसाचं तेल लावलंय, त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात हे मला माहीत आहे, म्हणून मी त्या बाहेर एकेक पसरून वाळवते. घरमालकिणीला विचारलंय. अजून काही?

हो, अजून एक आहे, जे तू विचारलं नाहीस पण मला ऐकू आलं. एवढं सत्तर किलोचं टेबल केलं म्हणजे पोरगी तिकडेच राहणार. आई, ते जड करावंच लागतं, हलकं केलं तर रंध्याच्या धक्क्याने टेबलच खोलीभर फिरतं. आणि पाय मी ग्लूने चिकटवलेलेच नाहीत, बोल्ट आहेत, स्पॅनर घेतला की अर्ध्या तासात सगळं सुटं होतं. पाटाच्या बोल्टची भोकंही मुद्दाम लांबट ठेवलीत, कारण इथे हिवाळ्यात हीटरने लाकूड आक्रसतं आणि उन्हाळ्यात आडवं फुगतं, आवळून बसवलं तर तडकतं. म्हणजे पक्कं असं काहीच नाहीये. रजा नाही म्हणून येता येत नाही, टेबल आहे म्हणून नाही. आणि लाकडाच्या पैशात तिकीट आलं असतं असं मनात आणू नकोस, लाकूड स्वस्तातलं आहे, तिकिटाच्या जवळपासही जात नाही.

बाळ्याच्या साखरपुड्याला मी नाही, हे बोलून झालंय, परत नको काढूया. लग्नाला नक्की, तारीख पक्की झाली की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकते, फक्त महिनाभर आधी कळवा. पैसे काल पाठवलेत, बाबांच्या खात्यात, त्यातले हॉलच्या अॅडव्हान्सला वापरा आणि उरलेले बाबांच्या दातांना, दात परत पुढे ढकलायचे नाहीत. अजून लागले तर मला सांगायला लाजू नको म्हणावं बाळ्याला, मी मोठी आहे ना. धाकट्याचं आधी होतंय यावर लोक बोलणारच, मला खरंच काही वाटत नाही, आनंदच आहे. ते नाशिकचं स्थळ, फोटो बघितला, माणूस बरा दिसतोय, बोलायला हरकत नाही, पण बोलेन मी, माझ्या सवडीने, रविवारी. तोवर आत्याला माझा नंबर देऊ नका, दिला असेल तर कुणाकुणाला गेलाय ते तरी सांगा.

तुमची लेक