टास्क शेड्युलरमध्ये ‘सक्सेस’, नॅसवर एकही बॅकअप नाही

प्रति,
सेवा विभागप्रमुख,
ईआरपी सॉफ्टवेअर व वार्षिक देखभाल (एएमसी)

विषय : डेटाबेस सर्व्हरचा बॅकअप नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डिस्क-पेटीवर) न गेल्याबद्दल आणि तरीही दरमहा ‘बॅकअप ओके’ असा अहवाल दिल्याबद्दल तक्रार.

महोदय,

शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. हीट नंबर (भट्टीतून वितळून निघालेल्या प्रत्येक घाण्याचा क्रमांक), स्पेक्ट्रोचे म्हणजे धातूतल्या घटकांच्या तपासणीचे रिझल्ट, टेस्ट सर्टिफिकेट, डिस्पॅच हे सगळं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोफत डेटाबेसवर चालतं. संक्रांतीनंतर सर्व्हरची डेटाची डिस्क गेली. डिस्क कधी ना कधी जातेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात हायवे पाण्याखाली गेला आणि आम्हाला कारखान्यापर्यंत पोहोचताही येईना, तेव्हापासून बॅकअप सर्व्हरपासून वेगळा, वरच्या मजल्यावर असावा असं आमचं ठरलं होतं. त्यासाठीच गणपतीच्या आधी तुमच्या सल्ल्याने नॅस घेतला आणि रोज रात्री बॅकअप त्यावर जाईल अशी व्यवस्था करायचं काम तुमच्याकडे दिलं.

रिस्टोअरसाठी नॅस उघडला, तर आत तुमच्या इंजिनिअरने चाचणीसाठी पेस्ट केलेली एक एक्सेल फाइल. दुसरं काहीच नाही. पूर्वी सी ड्राइव्हवर पडणारा बॅकअपही पाथ बदलल्यामुळे त्याच दिवसापासून बंद. म्हणजे हाताशी आहे तो गणपतीआधीचा डेटा.

हेल्पडेस्कचं उत्तर : ‘सर, आमच्याकडं सगळं सक्सेस दिसतंय. नॅस तुमचा हाय, तो एएमसीत येत नाही.’

हे मला मान्य नाही, आणि का ते सांगतो. एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग सी ड्राइव्हवर शाबूत आहे. त्यात रोज रात्री एकच नोंद : झेड ड्राइव्हवर बॅकअप फाइल तयार करता आली नाही, ऑपरेटिंग सिस्टीम एरर 3, पाथ सापडत नाही. तुमच्या माणसाने स्वतःच्या लॉगिनमध्ये नॅस झेड म्हणून मॅप केला, तो उघडून दाखवला आणि काम झालं म्हणून सही घेतली. पण बॅकअपची फाइल लिहिते ती एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, आणि ती वेगळ्या खात्यावर चालते. लॉगिन केलेल्या माणसाचा मॅप केलेला ड्राइव्ह तिला दिसतच नाही. नॅसपर्यंत काही पोहोचलंच नाही, मग त्याचा दोष कसला?

एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी एसक्यूएल सर्व्हरची सोय) मिळत नाही, त्यामुळे विंडोजचा टास्क शेड्युलर आणि बॅच फाइल वापरली याला हरकत नाही. हरकत आहे ती बॅच फाइलमध्ये एसक्यूएलसीएमडीला, म्हणजे बॅकअपचा हुकूम सर्व्हरला देणाऱ्या प्रोग्रामला, ‘-बी’ स्विच न देण्याला. तो नसेल तर बॅकअप फसला तरी शून्य, म्हणजे ‘चूक नाही’ असा संकेत, परत येतो आणि शेड्युलर ‘यशस्वी’ म्हणतो. तोच शून्य बघून तुम्ही मासिक अहवालात ‘बॅकअप ओके’ लिहीत होता. नॅसवर फाइल पडली का, किती मोठी आहे, हे कुणीही उघडून पाहिलं नाही. अहवाल लिहिणाऱ्याचं याशिवाय दुसरं काम तरी काय, हा प्रश्न मला खरंच पडला आहे.

आता आमची दोन माणसं फर्नेसवरच्या रजिस्टरमधून हीट परत भरत बसलीत. पेन्सिलीने लिहिलेली पानं, काजळीच्या बोटांचे ठसे, कार्बनचा आकडा 3.4 की 3.9 यावर वाद. लोखंडाच्या कास्टिंगमध्ये तेवढ्या फरकाने ग्रेड बदलतो, त्यामुळे अंदाजाने भरता येत नाही. ग्राहक जुन्या हीटचं सर्टिफिकेट मागतात, तेव्हा ‘थांबा’ म्हणावं लागतं.

त्यातच फोनवर सुचवलेला उपाय म्हणजे नॅसच्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल द्या. हे आम्ही करणार नाही. उद्या ऑफिसच्या एका पीसीत फाइली लॉक करणारा व्हायरस शिरला, तर बॅकअपही त्याच्याबरोबर जाईल.

आम्हाला हवं ते असं. बॅकअपला मॅप केलेला ड्राइव्ह नको, नॅसचा पूर्ण नेटवर्क पाथ द्या. आमच्याकडे डोमेन (सगळ्या पीसींची खाती एका ठिकाणी ठेवणारी व्यवस्था) नाही, तेव्हा सर्व्हिससाठी वेगळं खातं काढा, त्याच नावाचा आणि पासवर्डचा युजर नॅसवर करा आणि त्या फोल्डरवर फक्त त्यालाच लिहिण्याचा हक्क ठेवा. बॅकअप चेकसमसह (डेटा बिघडला का ते ओळखणाऱ्या पडताळणी आकड्यासह) घ्या, नंतर व्हेरिफाय करा, आणि तो पास झाल्यावरच जुन्या फाइली पुसा. फसला तर त्याच रात्री आमच्या ईमेलवर कळलं पाहिजे. आणि व्हेरिफाय पास झाला म्हणून मी सही करणार नाही. दर तिमाहीला वेगळ्या पीसीवर डेटा रिस्टोअर करून, आमच्या समोर एक जुनं सर्टिफिकेट काढून दाखवायचं.

डेटा परत भरण्याच्या मजुरीचं बिल सोबत जोडलं आहे. ते एएमसीच्या पुढच्या हप्त्यातून वळतं करावं. वरची दुरुस्ती होऊन पहिला रिस्टोअर दाखवेपर्यंत तो हप्ता दिला जाणार नाही. सोमवारी आमचा कारखाना बंद असतो, सर्व्हर मोकळा असतो. येत्या सोमवारी माणूस पाठवा, पण मागच्या वेळी आला तो नको.

आपला,
व्यवस्थापक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

सोबत : एरर लॉगची प्रत, मासिक अहवालांच्या प्रती, मजुरीचं बिल