चि. मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास आणि त्यानंतर तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणून लिहितो आहे. राजीनामा देऊच नकोस, असे मी म्हणालो नव्हतो; दुसरे नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत देऊ नकोस, एवढेच म्हणालो होतो. आज तो विषय काढायचा नाही, असे ठरवले आहे.

तू समजावलेले मी वहीत उतरवून ठेवले आहे. तुमच्यासारख्या, गुंतवणूकदारांच्या पैशांतून कंपन्या घेऊन पुढे विकणाऱ्या फंडाचे आयुष्य साधारण 10 वर्षांचे, त्यातली पहिली 5 गुंतवणुकीची. तोवर गुंतवणूकदारांनी कबूल केलेल्या सगळ्या भांडवलावर फंड चालवणाऱ्या कंपनीला वर्षाला सुमारे 2 टक्के शुल्क मिळते आणि पुढे ते आटत जाते. तुमच्या फंडाने घेतलेल्या कंपन्या विकल्या जात नाहीत, गुंतवणूकदारांकडे रोख परतत नाही, म्हणून ते नव्या फंडात पैसे घालत नाहीत. आणि नवा फंडच नसेल, तर तुझ्यासारख्या सौदे शोधणाऱ्या माणसाने सकाळी फोन कोणाला करायचा? जुन्या कंपन्या सांभाळणाऱ्यांना त्या विकेपर्यंत तरी काम आहे, तुला तेवढेही नाही. म्हणूनच म्हणतो, पत्र हातात... पाहा, आलाच विषय.

कॅरीसाठी, म्हणजे फंडाच्या नफ्यातल्या तुमच्या वाट्यासाठी, मात्र थांबू नकोस. गुंतवणूकदारांना ठरलेला परतावा, बहुधा वर्षाला 8 टक्के, मिळाल्यावरच तो वाटा सुरू होतो, आणि तुमचा फंड तिथवर पोहोचेल असे तुलाच वाटत नाही. मुलाखतीत तुला विचारतील की सौदे आणलेस, पण मूल्यांकन आणि करार कोणी केले. तेव्हा कोणता व्यवहार तू कुठवर नेलास, कोणता नाकारलास आणि का, हे आधीच लिहून काढ. संपर्कांची यादी कंपनीची असते, ती उचलू नकोस. जन्मभर खतावण्या लिहिलेल्या माणसाने तुला हे शिकवावे, याबद्दल माफ कर.

त्या कारखानदाराला तू कुठलाही व्यवहार समोर नसताना दोन वर्षे भेटत राहिलीस, आणि विकायचे ठरल्यावर त्याने पहिला फोन तुला केला. हे मी किती जणांना सांगितले आहे, ते आईला विचार.

"तुम्ही थांबलात, तुम्हाला काय मिळालं?" असे तू विचारलेस. थकलेल्या पगारासाठी मी 14 महिने थांबलो. शेवटी नोंदवायला काही उरले नव्हते, तरी रोज तारीख घालून खाली रेघ ओढत असे. तू सातवीत होतीस. सहलीचे पत्रक तू घरी दाखवलेच नाहीस. मुदत उलटल्यावर ते तुझ्या दप्तराच्या तळाशी मला सापडले. ते मी आईला अजून सांगितलेले नाही. तेव्हा थांबण्याचा सल्ला द्यायचा अधिकार मला नाही हे खरे, पण बिनपगारी घर कसे असते ते मी पाहिले आहे, आणि तुझ्या घराचा हप्ता दर महिन्याला जायचाच आहे.

नवे पत्र आले की सही करण्याआधी मला पाठव. नोटिशीची मुदत आणि प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यावरची बंधने दोन्ही करारांत ताडून पाहू. चष्मा नवा केला आहे.

तुझा,
बाबा

ता. क. राजीनामा आधीच दिला असशील, तर मला सरळ सांग. आईला मी सांगेन.