पोर्तुगालच्या पाकाविषयी वसंतास पत्र

पोर्तो,
१७ मे

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या तू मला जी तंबी दिली होतीस, ती मी विसरलेलो नाही. "तिकडचे गोडधोड खा, पण 'फार छान होते' एवढेच लिहून पाठवू नकोस; पाक कोणता, तूप कोणते आणि कढईत आधी काय पडते ते लिही," असे तू म्हणाला होतास. मधुमेहामुळे गेली सहा वर्षे तुला स्वतःच्या दुकानातला कंदी पेढासुद्धा हातात धरून नुसता हुंगावा लागतो, हे ठाऊक असल्यामुळे तुझ्या वाट्याचेही मीच खाल्ले आणि डायरीत टिपून ठेवले. तेव्हा हे पत्र लांबले तर दोष तुझा.

वाटेत दोन दिवस व्हिएन्नाला थांबलो होतो. तिथला प्रसिद्ध 'साखरटोर्टे' हा चॉकलेटचा केक फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने १८३२ साली ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निक याच्या मेजवानीसाठी प्रथम केला, असे सांगतात. पुढे 'अस्सल' कोणाचा आणि जर्दाळूचा मुरंबा केकच्या मधोमध लावायचा की नुसता वरच्या चॉकलेटच्या थराखाली, यावरून तिथल्या दोन नामवंत घरांत वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली आणि १९६३ साली तडजोड झाली. पेढा सातारचा खरा की आणखी कुठला, यावर तुझे जे वाद होतात ते कोर्टापर्यंत गेले नाहीत, हे आपले भाग्य. केक मला कोरडा वाटला. सोबत बिनसाखरेची घुसळलेली साय देतात, तिच्याविना तो घशाखाली उतरणार नाही. युरोपातले गोड आपल्या जिभेला बेताचेच गोड लागते हा माझा समज तिथे पक्का झाला आणि पोर्तुगालमध्ये उतरताच तो पार मोडला.

लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठ आहे. त्याच्या चर्चमध्ये दाराजवळच वास्को द गामाची कबर आहे आणि तिथून चालत पाच मिनिटांवर १८३७ सालापासून चालत आलेले एक मिठाईचे दुकान आहे. कबरीपेक्षा दुकानासमोरची रांग लांब होती आणि, खरे सांगायचे तर, मीही कबरीपाशी फार रेंगाळलो नाही. तिथे 'पाश्तेल द बेलें' मिळतो. इतरत्र त्याच जातीच्या पदार्थाला 'पाश्तेल द नाता' म्हणतात. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी कुरकुरीत वाटी, आत अंड्याचा बलक, दूध आणि साखर यांचे दाट मिश्रण, वर भट्टीच्या आचेने पडलेले काळे डाग. वरून दालचिनीची पूड आणि पिठीसाखर आपल्या हाताने भुरभुरायची. निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या खोल्यांत लोक दाटीवाटीने बसून हे खातात आणि सोबत चिमुकल्या कपातली कडक कॉफी पितात.

तू विचारशील ती गोष्ट मी आधीच पाहून ठेवली आहे. वाटी उलटी करून बुड पाहिले तर त्यावर गोगलगाईच्या शंखासारखी वळणे दिसतात. मैद्याच्या लाटीत लोण्याचे थर देऊन ती वळकटीसारखी गुंडाळायची, तिचे काप करायचे, प्रत्येक काप साच्यात उभा ठेवायचा आणि ओल्या अंगठ्याने मधून दाबत कडेपर्यंत चढवायचा, अशी ही रीत. साटा लावून गुंडाळलेल्या पोळ्यांच्या वळकटीचे काप करून चिरोटे लाटणाऱ्या कोणत्याही बाईला हे पहिल्या नजरेत उमगेल. बेलेंच्या दुकानाची नेमकी कृती मात्र गुप्त आहे आणि मोजक्याच लोकांना ती सांगितली जाते.

आता बलकाविषयी. इथे दुकानांच्या काचेआड नजर टाकली की सगळीकडे पिवळा रंग दिसतो आणि तो केशराचा नसून बलकाचा असतो. त्याचे कारण इथल्या मठांत सापडते. पंधराव्या शतकात मदेरा बेटावर ऊस पिकू लागला आणि पुढे ब्राझीलची साखर आली. मठांत अंडीही विपुल असत. अंड्याचा पांढरा भाग जोगिणींच्या, म्हणजे ख्रिस्ती नन्सच्या, वस्त्रांना खळ करण्यासाठी आणि वाइन नितळ करण्यासाठी वापरला जाई, असे इथे जो तो सांगतो, आणि मग उरलेल्या बलकाचे करायचे काय, या प्रश्नाला साखरेने उत्तर दिले. १८३४ साली सरकारने धर्मसंघ बरखास्त केले. पुरुषांचे मठ लगेच बंद झाले. जोगिणींच्या मठांत नवी दीक्षा थांबली आणि शेवटची जोगीण वारली की मठाला कुलूप लागे. त्या पडत्या काळात अनेक मठ मिठाई विकून जगले आणि त्यांच्या कृती हळूहळू बाहेरच्या स्वयंपाकघरांत व दुकानांत गेल्या.

नावे मात्र त्या जोगिणींचा विनोद सांगतात. एका पदार्थाला 'जोगिणीचे पोट' म्हणतात, तर एकाला 'देवदूताची हनुवटी'. 'स्वर्गातले डुकराचे मांस' नावाची एक बदामाची वडी आहे आणि तिच्यात पूर्वी खरोखरच डुकराची चरबी घालत असत. ब्रागाजवळच्या प्रिश्कुश गावच्या एका पाद्र्याच्या नावाने ओळखले जाणारे पुडिंग तर आजही त्या चरबीविना होत नाही. ते मी चमच्यावर घेईपर्यंत मला हे कोणी सांगितले नव्हते. चमचा खाली ठेवला, हिने माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला आणि त्या दिवशीचे गोड आम्ही कॉफीवर भागवले.

तुला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते मात्र दुकानातले नसून लेकीच्या शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरातले आहे. त्या पंच्याहत्तरीच्या आहेत. मी मिठाईवाल्याचा मित्र आहे एवढे लेकीने सांगताच त्यांनी मला गुरुवारी सकाळी बोलावले. साखरेत पाणी घालून पातेले चढवले आणि काही वेळाने चमच्यावरचा थेंब त्यांनी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून बोटे विलग केली. मधे तार आली. "फियु," त्या म्हणाल्या. फियु म्हणजे दोरा. वसंता, मला तुझे वडील आठवले. दिवाळीच्या आधी मागच्या अंगणातल्या चुलीपाशी उकिडवे बसून, अगदी याच चिमटीने पाक जोखताना त्यांना आपण किती वेळा पाहिले आहे! आपण एकतारी म्हणतो तिथे हे लोक दोरा म्हणतात. त्यापुढची पायरी 'मोती': तार तुटताना तिच्या टोकाशी मोत्यासारखा थेंब लोंबला पाहिजे. त्याहूनही पुढची 'इश्त्रादा', म्हणजे रस्ता: पातेल्याच्या तळावरून लाकडी चमचा ओढला की मागे क्षणभर वाट उघडी राहिली पाहिजे.

तारेवर आलेल्या उकळत्या पाकात त्यांनी गाळलेला बलक एका बारीक तोट्यांच्या चाडीतून गोल गोल फिरवत सोडला. बघता बघता शेवयांसारख्या सोनेरी तारा वर आल्या. त्यांना 'फियुश द ओवुश', म्हणजे अंड्याचे दोरे, म्हणतात. पाक आटून घट्ट होऊ लागला की त्या वरून पाण्याचा हबका मारीत होत्या. पाक आटतो म्हणून बुंदीच्या वेळी तू कसा कावराबावरा होतोस ते मी त्यांना सांगितले आणि त्या मान डोलावत राहिल्या. हेच दोरे पोर्तुगीजांबरोबर थेट जपानपर्यंत आणि थायलंडपर्यंत गेले आणि तिथे आजही केले जातात.

माझे मत तुला पटेल की नाही सांगता येत नाही, पण लिहितो. आपली मिठाई दूध आटवून होते आणि यांची बलक आळवून. खव्याने जो दाटपणा आणि जो रवाळ मऊपणा येतो, तो हे लोक बलकाकडून काढतात. बाकी सगळी मदार पाकावर, आणि म्हणूनच व्हिएन्नाच्या केकपुढे मी परका होतो, या पातेल्यापुढे नव्हतो. एक उणीव मात्र जाणवली. वेलदोडा आणि जायफळ कुठेच नाही. जिथे तिथे दालचिनी आणि लिंबाची साल. खिरीसारख्या तांदळाच्या पदार्थावरही दालचिनीच्या पुडीची रांगोळी काढतात. दिसायला सुरेख असते, पण चौथ्या दिवशी मला वेलदोड्याची आठवण येऊ लागली.

पांढरा भाग आता खळीला लागत नाही, मग त्याचे काय करता, असे मी आजींना विचारले. त्यांनी डबा उघडून 'सुश्पीरु' दाखवले. साखर घालून फेटलेला तो फेस मंद आचेवर वाळवलेला असतो आणि तोंडात घालताच विरतो. नावाचा अर्थ सुस्कारा.

परवा आगगाडीने अवेइरोला जाऊन आलो. तिथे 'ओवुश मोलिश' मिळतात: बलक आणि पाक यांचे मऊ सारण, आणि त्यावर चर्चमधल्या प्रसादाच्या पापुद्र्यासारखे पांढरे, बेचव कवच. कवचाला शिंपल्याचा, माशाचा, शंखाचा आकार देतात, कारण गाव खाडीकाठचे आहे. रंगवलेल्या चिमुकल्या लाकडी पिंपांतही नुसते सारण भरून विकतात. पेढ्यापेक्षाही गोड, आणि दोनाच्या वर खाववत नाही. मी चार खाल्ले.

कॉलेजच्या सहलीत पणजीला आपण दोघांनी एकच बेबिंका घेऊन थरामागून थर सोलून खाल्ला होता, तो आठवतो का? तोही बलकाचाच, फक्त त्यात नारळाचे दूध आणि झाकणावर निखारे. इथे बेबिंका शोधला तर कुणाला ठाऊक नव्हता. जोगिणींची रीत गोव्यात पोचली आणि तिथल्या माडाने तिला वेगळेच केले, हे आता इथे बसून नीट ध्यानात येते.

सगळेच गोड निघाले असे समजू नकोस. लिस्बनच्या एका गजबजलेल्या चौकात, पाट्या सहा भाषांत लावलेल्या दुकानातून घेतलेला पाश्तेल बहुधा आदल्या दिवशीचा होता. वाटी चामड्यासारखी आणि आतले सारण थंडगार. दुप्पट पैसे मोजले होते, म्हणून संपवला. ताजा पाश्तेल हातात घेताना बोटांना चटका बसला पाहिजे, हे तेव्हापासून मी आधी पाहतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येतो आहे. तुझ्यासाठी अवेइरोचे एक लाकडी पिंप आणतो. आतले मी आणि तुझा मुलगा खाऊ, पिंप तुझे. काकूंना अंडे चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी 'मार्मेलादा' घेतला आहे. बिही, म्हणजे क्विन्स, या फळाचा गर साखरेत आटवून केलेली ती वडी आहे, सुरीने कापता येते आणि गोव्याच्या पेरूच्या पेरादाची थेट बहीण वाटते. आणि एक काम कर. आजींना मी शब्द दिला आहे की 'रस्ता' पडतो त्या पाकाला आमच्याकडे काय म्हणतात ते विचारून कळवतो. तुझ्या वडिलांचा त्याला काही शब्द होता का, ते काकूंना विचारून फोनवर सांग. गुरुवारी मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.

तुझा,
माधव